आत चारशे बारा, बाहेर चारशे अकरा

१

उमरग्यात सोलापूर-हैदराबाद रस्त्याला लागून एक कॉलेज आहे. तिथं शांतलिंग बिराजदार सव्वीस वर्षं संगणकाच्या लॅबमध्ये सहायक होता. कॉलेजात कॅमेरे आले तेव्हा ते कुणाकडं द्यायचे हा प्रश्नच निघाला नाही. वायरीचं काम म्हणजे बिराजदार सर, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला जिन्याखालची खोली मिळाली. पूर्वी तिथं खेळाचं सामान असायचं आणि चेंडूंच्या चामड्याचा वास भिंतींत असा मुरला होता की चार वर्षांनंतरही गेला नव्हता. डोक्यावरून दिवसभर पोरांचे पाय धडधडत जायचे, आणि खाली शांतलिंग सोळा कॅमेऱ्यांची सोळा चित्रं बघत बसायचा. चित्रांना आवाज नव्हता. आवाज सगळा जिन्याचा.

जूनमध्ये सगळी यंत्रणा बदलली. फाटकावरचा नवा कॅमेरा माणसं मोजायचा. फाटकात जमिनीवर एक न दिसणारी रेघ धरलेली होती. ती ओलांडून कुणी आत आलं की एक आकडा वाढायचा, बाहेर गेलं की दुसरा. साडेपाचला कॉलेज सुटायचं, प्राचार्या मॅडमची गाडी निघून जायची, मग शांतलिंग बाहेर यायचा. गोरोबा वॉचमन फाटकाला साखळी घालायचा. त्याची चौकी फाटकाबाहेरच होती. शांतलिंग तिथं उभ्या उभ्या मोबाइलवर आकडे बघायचा आणि वहीत उतरवायचा.

पहिल्या दिवशी आकडे आले ते असे : आत चारशे बारा, बाहेर चारशे अकरा.

आत कुणी राहिलंय का, असं त्यानं विचारलं. गोरोबा म्हणाला, सगळ्या खोल्या बघून कुलपं घातलीत. तरी दोघं परत आत गेले, संडासापासून गच्चीपर्यंत सगळं फिरले. कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आत तीनशे शहाण्णव आणि बाहेर तीनशे पंचाण्णव. तिसऱ्या दिवशी आकडे वेगळे होते, पण फरक एकाचाच होता.

२

यंत्र चुकतं, हे शांतलिंगला कुणी शिकवायला नको होतं. पण चुकणारं यंत्र कधी दोनानं चुकेल, कधी पाचानं चुकेल, कधी चुकून बरोबरही येईल. हे रोज एकानंच चुकत होतं. बसवणाऱ्या माणसानं फोनवर सांगितलं, काच पुसा. त्यानं काच पुसली. मोटारसायकलवर मागं बसलेला मोजला जात नसेल म्हणून गाड्या फाटकाबाहेर लावायला लावल्या. फरक तसाच राहिला.

मग रविवार आला. फाटकाला दिवसभर साखळी होती. संध्याकाळी घरी बसून सहज त्यानं मोबाइल उघडला. आत एक, बाहेर शून्य.

त्यानं बराच वेळ तो आकडा बघितला आणि मोबाइल पालथा घातला.

सोमवारी त्यानं गोरोबाला एक काम सांगितलं. गोरोबानं घरून दोन डबे आणि चिंचोक्यांची पिशवी आणली. माणूस आत आला की एका डब्यात चिंचोका, बाहेर गेला की दुसऱ्यात. गोरोबा कामाला चोख होता. त्या दिवशी तो जेवायलासुद्धा उठला नाही, फाटकातच भाकरी खाल्ली. संध्याकाळी दोघांनी चौकीच्या ओट्यावर चिंचोके मोजले. दोन्ही डब्यांत तीनशे ऐंशी निघाले. यंत्रात बाहेरचे तीनशे ऐंशी होते आणि आतले तीनशे एक्क्याऐंशी.

"म्या बघितलं न्हाय असं एक माणूस आत गेलंय," गोरोबा म्हणाला. त्याला कसली भीती वाटली नाही. आपल्या नजरेत खोट निघाली याचंच वाईट वाटलं.

३

मग शांतलिंगनं आठ दिवसांचं चित्रण काढलं आणि तो जास्तीचा आकडा कधी वाढतो ते शोधलं. रोज दुपारी, पावणेदोन ते दोनच्या दरम्यान. पडद्यावर फाटक, ऊन, आणि चिंचोक्यांचा सोमवार सोडला तर गोरोबाची रिकामी खुर्ची. रस्त्यावरून एक ट्रक जातो. फाटकात कुणी नाही, आणि कोपऱ्यातला आकडा एकानं वाढतो.

नव्या यंत्रात एक सोय होती. ज्याला ते माणूस समजतं त्याच्याभोवती ते बारीक हिरवी चौकट काढतं. चारशे पोरांच्या चारशे चौकटी म्हणजे पडद्यावर नुसती गिचमीड, म्हणून शांतलिंगनं ती सोय पहिल्याच दिवशी बंद केली होती. ती त्यानं आता चालू केली.

फाटकात उभट, अरुंद अशी एक चौकट आली. चौकटीत काही नव्हतं. आतून फाटकाचे गज दिसत होते. ती चौकट सावकाश पुढं सरकली, लिंबाच्या झाडाखालून गेली, ग्रंथालयाच्या व्हरांड्याशी आली. व्हरांड्याला मधोमध तीन पायऱ्या आहेत. सगळी पोरं तिथूनच चढतात. चौकट पायऱ्यांपाशी आली, थबकली, आणि वळसा घालून कडेच्या उतारावरून, भिंतीला चिकटून वर गेली. मग ती वाचनालयाच्या खोलीतल्या कॅमेऱ्यात दिसली. तिसऱ्या खिडकीजवळच्या खुर्चीपाशी गेली आणि आखूड झाली.

बसली, हे त्याला क्षणभरानं कळलं.

वर जिन्यावरून कुणीतरी धावत गेलं. शांतलिंगनं पडदा बंद केला. हे सावलीमुळं होत असेल असं त्यानं स्वतःला सांगितलं. सावली रोज तीच वाट चालते का, हा प्रश्न त्यानं स्वतःला विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी सव्वादोनला तो वाचनालयात गेला. पंधरा-वीस मुलं-मुली वाचत होती. पंख्यांची घरघर सोडली तर खोली शांत होती. खोली भरलेली असूनही तिसऱ्या खिडकीजवळची खुर्ची मोकळी होती. शेजारी बसलेल्या मुलीला त्यानं हळूच विचारलं की इथं कुणी का बसत नाही.

"ती जागा धरलेली असते, सर."

"कुणी?"

मुलीनं खुर्चीकडं बघितलं, जरा विचारात पडली. "ते नाही माहीत," ती म्हणाली. "पण असते." आणि परत वाचू लागली.

४

पायऱ्यांना घातलेला तो वळसा शांतलिंगच्या डोक्यातून जाईना. आणि रात्री कधीतरी कूस बदलताना त्याला ते उमगलं. त्या पायऱ्यांवर बसल्याची किंमत एकाच मुलीनं मोजली होती.

कॅमेऱ्यांची नियमावली प्राचार्या मॅडमनी केली होती. बाई वाईट नव्हत्या. आसपासच्या खेड्यांतले लोक पोरींना कॉलेजात धाडायला बिचकत होते. त्यांना भरवसा वाटावा म्हणून मॅडमनी सातवं कलम घातलं : पालकानं लेखी अर्ज दिल्यास त्याच्या पाल्याचं चित्रण त्याला दाखवावं. शब्द शांतलिंगनं जुळवले होते. कलमाचा उपयोगही झाला, मुलींचे प्रवेश वाढले.

जानेवारीत सास्तूरचे आण्णासाहेब अर्ज घेऊन आले. मोठे शेतकरी, बोलायला मऊ. त्यांच्या कानावर कुणीतरी काही घातलं होतं. त्यांची हर्षाली दुसऱ्या वर्षाला होती. शांतलिंगनं त्यांना जिन्याखालच्या खोलीत बसवलं आणि अर्जात लिहिलेल्या दिवसाचं चित्रण लावलं. अकरा मिनिटं. ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर हर्षाली आणि श्रीनाथ नावाचा एक मुलगा. मुलगा कागदावर काही दाखवतोय, ती वाकून बघते, मध्येच हसते. आवाज नाही. आण्णासाहेबांनी ते तीनदा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा ते पडद्याकडं बघतच नव्हते, खाली फरशीकडं बघत होते.

"हे आणखी कुणी बघितलं?" एवढंच त्यांनी विचारलं. कुणी नाही म्हटल्यावर हात जोडले आणि निघाले. दुसऱ्या दिवशी मुलीचा दाखला काढून नेला. होळीच्या आत लग्न लागलं.

पुढं श्रीनाथनंच शांतलिंगला सांगितलं. शिष्यवृत्तीचा अर्ज होता. वडिलांच्या नावाच्या जागी हर्षालीनं चुकून कॉलेजचं नाव लिहिलं होतं, म्हणून ती हसली होती. हे सांगून पोरगा मागं न बघता निघून गेला.  तेव्हापासून शांतलिंग त्या गोष्टीचा विचार करणंच टाळत आला होता.

सकाळी त्यानं घाबरत घाबरत गोरोबाला विचारलं की हर्षाली आहे ना.

"हाय की. बेंबळीत दिलीय. माझी पुतणी त्याच आळीत ऱ्हाती. बरं चाललंय म्हनती," गोरोबा म्हणाला.

जिवंत होती. शांतलिंगला हायसं वाटायला हवं होतं. उलट आता तिसऱ्या खिडकीशी बसतं कोण, हे कळेना.

५

दाखला नेताना आण्णासाहेब हर्षालीचं बारावीचं मूळ गुणपत्रक विसरून गेले होते. ते निमित्त घेऊन, दोन एसट्या बदलून, सप्टेंबरात शांतलिंग बेंबळीला गेला. घर चांगलं होतं, स्लॅबचं, अंगणात तुळस. हर्षालीचा नवरा योगीराज दूध संकलनाच्या कामावर होता. सासू कडूबाईनं आलेल्या मास्तराला आदरानं बसवलं, सुनेला चहा टाकायला सांगितला. पोर कामाची आहे, उलटून बोलत नाही, असं तिनं कौतुकानं सांगितलं. मग जरा आवाज उतरवून म्हणाली, "एकच हाय बघा. दुपारचं जेवण झालं की झोपती. मेल्यावानी झोपती. च्याला उठवलं तर घटकाभर कुणाला वळखत न्हाय."

शेजारीण हाक मारत आली म्हणून कडूबाई दाराशी गेली. हर्षाली चहा घेऊन आली. डोईवर पदर, अंगानं वाळलेली. शांतलिंगनं गुणपत्रक दिलं. तिनं ते दोन्ही हातांनी घेतलं आणि प्रत्येक विषयावरून बोट फिरवलं.

"बाळ, ते चित्रण मी लावलं होतं," तो म्हणाला.

"माहीत आहे, सर. आण्णा म्हणाले, तीनदा लावलं." तिच्या बोलण्यात राग नव्हता. मग ती म्हणाली, "तिसऱ्या खिडकीवरचा पंखा बदलला ते बरं केलंत. आधीचा लई खटखट करायचा. आता वाचायला बरं पडतं."

पंखा मे महिन्याच्या सुट्टीत बदलला होता. ती जानेवारीनंतर उमरग्याला आलेली नव्हती.

शांतलिंगनं कप खाली ठेवला. तुला कसं माहीत, असं त्यानं विचारलं.

"डोळा लागला की मी तिथंच असते, सर. स्वप्न पडतं. रोज तेच. अर्थशास्त्राचं पुस्तक निम्मं झालंय." ती दाराकडं बघत भराभर बोलू लागली. "पायऱ्यांवरून जात नाही मी. भिंतीकडेनं जाते. कुणाला त्रास होत नसेल ना? असू द्या मला तिथं. उठवू नका."

कडूबाई परत आली. हर्षालीनं पदर नीट केला आणि कप उचलून आत गेली.

६

त्यानंतर महिनाभर शांतलिंगनं फरकाची चौकशी सोडून दिली. वहीत तो दोन्ही आकडे सारखेच लिहू लागला. दुपारी दोनला पडद्यावर ती चौकट बसली की त्याला बरं वाटायचं. एकदा वाचनालयात पोरं गोंगाट करत होती, तर तो उठून गेला आणि त्यांना गप्प बसवून आला.

ऑक्टोबरात विद्यापीठाच्या परीक्षा आल्या. कॉलेज परीक्षाकेंद्र होतं. उत्तरपत्रिका ठेवायला जाळीच्या खिडक्यांची, एकच दार असलेली खोली लागते, आणि तशी खोली वाचनालयाचीच होती. पाच आठवडे तिला सील लागणार, दाराशी पोलीस बसणार. शांतलिंगनं मॅडमना विनवलं की दुसरी खोली घ्या. मॅडमनी शांतपणे कारण विचारलं. वाचणाऱ्या पोरांची गैरसोय होईल, एवढंच त्यानं सांगितलं. "बिराजदार, तुम्ही थकलाय," त्या म्हणाल्या. "परीक्षा झाली की चार दिवस रजा घ्या."

सील लागायच्या आदल्या दुपारी टेबलं भिंतीला लावून झाली होती. खोली रिकामी, फक्त तिसऱ्या खिडकीशी ती एक खुर्ची शांतलिंगनं हलवू दिली नव्हती. अडीचला तो आत गेला आणि समोर जमिनीवर बसला. पोर आत कोंडली जाईल, अंधारात, जाळीआड, याशिवाय त्याच्या मनात काही नव्हतं. पंखा बिनआवाज फिरत होता. कुठंतरी कागद सरकल्यासारखं झालं. खोलीत कागद नव्हता.

"हर्षाली, बाळ," तो म्हणाला. आपलाच आवाज त्याला परका वाटला. "उद्यापासून ही खोली बंद होतीय. इथं थांबू नको. घरी जा."

काही झालं नाही. तो उठला आणि जिन्याखालच्या खोलीत येऊन पडद्यासमोर बसला.

चौकट खुर्चीवर तशीच होती. साडेतीनच्या सुमाराला ती उंच झाली. दारातून बाहेर पडली, व्हरांड्यात आली. या वेळी ती भिंतीकडं गेली नाही. तीन पायऱ्या सरळ उतरली, एकेक करत, आणि मैदानातून फाटकाकडं निघाली. फाटकात गोरोबा खुर्ची टाकून बसला होता. चौकट जवळ आली तसा तो उठला, खुर्ची ओढून बाजूला झाला, वाट देतात तसा. उतरत्या उन्हात त्याच्या पायाशी जमिनीवर एक लांब, बारीक सावली पडलेली दिसली. खांद्याला पिशवी असावी अशी. सावलीच्या मुळाशी कुणीच नव्हतं. मग रस्त्यावरून ट्रक गेला, धूळ उठली, आणि धूळ बसली तेव्हा सावलीही नव्हती, चौकटही नव्हती.

त्या संध्याकाळी आत आणि बाहेरचे आकडे सारखे आले. वहीत त्यानं किती तरी दिवसांनी खरा आकडा लिहिला. पोर घरी गेली, असं मनाशी म्हणाला. त्या रात्री त्याला गाढ झोप लागली.

७

पुढं रोज आकडे जुळत गेले. परीक्षा पार पडल्या, खोली उघडली, तिसऱ्या खिडकीजवळच्या खुर्चीवर आता कुणीही बसू लागलं. शांतलिंगला एक कल्पना सुचली आणि त्या कल्पनेनं तो तरुण झाल्यासारखा वावरू लागला. हर्षालीला बाहेरून परीक्षा देता येणार होती. मॅडमनी लगेच मान डोलावली. डिसेंबरात अर्ज घेऊन तो बेंबळीला गेला.

कडूबाईला आनंद झाला. योगीराजनंही फोनवर हरकत घेतली नाही. पोरगी शिकली तर आमचंच नाव, असं कडूबाई म्हणाली. "आन आता दुपारची झोपत न्हाय बगा. दोन म्हैन्यामागं येक दिवस लई झोपली. दिवस मावळला तरी उठंना. घाबरलो आमी. मग उठली ती अशी हसत उठली. तवापासनं कसलं दुखणं न्हाय."

हर्षाली पाणी घेऊन आली. अंगानं भरली होती, चेहऱ्यावर तकाकी होती. तिनं शांतलिंगकडं बघून नमस्कार केला, नव्या पाहुण्याला करतात तसा. तो कॉलेजातून आलाय म्हटल्यावर ती सासूकडं बघून हसली.

"कुठलं कॉलेज?" ती म्हणाली.

मस्करी करते, असं म्हणून कडूबाईही हसली. शांतलिंगनं अर्ज पुढं केला, सही कुठं करायची तिथं बोट ठेवलं, पेन तिच्यासमोर धरलं. हर्षालीनं कागद उलटा घेतला, पुन्हा सुलटा केला, त्यावरच्या अक्षरांकडं भिंतीवरच्या नक्षीकडं बघावं तसं बघितलं. पेन तिनं घेतलंच नाही.

"शाई आणली न्हाय का तुमी?" तिनं विचारलं, आणि डाव्या हाताचा अंगठा पुढं केला.

कडूबाईचं हसू तिथंच थांबलं. अंगणात कुणीतरी धान्य पाखडत होतं, त्याचा आवाज तेवढा येत राहिला. हर्षाली अंगठा धरून उभी होती, आनंदी, आज्ञाधारक.

८

घरी जा, असं आपण सांगितलं. ती फाटकातून निघाली. पण घरी पोचली नाही. परतीच्या एसटीत शांतलिंगच्या डोक्यात एवढंच फिरत होतं. निघाली ती कुठं गेली?

दुसऱ्या दिवशी जिन्याखालच्या खोलीत शिरल्या शिरल्या त्यानं ती ऑक्टोबरातली दुपार शोधली. फाटकातून बाहेर पडल्यावर चौकट डावीकडं वळली की उजवीकडं, एवढंच त्याला बघायचं होतं. चित्रण तीस दिवस ठेवून पुसायचं, असं कलम आहे. यंत्रानं ते पुसलं होतं.

तो फाटकावर गेला. गोरोबाला त्यानं तो दिवस आठवतो का विचारलं, ज्या दुपारी तू खुर्ची ओढून बाजूला झालास. गोरोबाला आठवत होतं. त्या दिवशी आपण का उठलो, हे त्यालाही कळलं नव्हतं, आणि कळलं नाही म्हणून त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

"म्या सोलापूरच्या अंगाला सरकलो होतो, सर," तो म्हणाला. "हिकडं आलं असतं तर माझ्या अंगावरनं गेलं असतं. हिकडं न्हाय आलं."

त्यानं हात दाखवला तो हैदराबादच्या बाजूला. तिकडं बेंबळी नाही. सास्तूरही नाही. तिकडं धाबे आहेत, ट्रक आहेत, मग राज्याची हद्द, आणि तिथून पुढं पाट्यासुद्धा दुसऱ्या अक्षरांत.

कॅमेऱ्यांचं काम शांतलिंगनं सोडलं. मॅडमनी कारण विचारलं नाही. सातवं कलम अजून आहे. दुपारी साडेतीनला लॅबमधून निघून तो त्या रस्त्यानं हद्दीच्या बाजूला चालत जातो, जाईल तितकं, आणि अंधार पडायच्या आत परत येतो. धाब्यावरची माणसं त्याला ओळखू लागलीत. काय शोधता मास्तर, असं ती विचारतात. तो त्यांना काही सांगत नाही. जिचं नाव सांगायचं, ती बेंबळीत आपल्या घरी आहे, आणि सासू म्हणते, सुखात आहे.